टीकेइंटरच्या खिडकीत छायाचित्र कसे दाखवावे

लग्न आटोपल्यावर महिना-दीड महिन्याने छायाचित्रकार एक पेनड्राइव्ह हातात ठेवतो आणि सांगतो, "अल्बमसाठी यातले दीडशे निवडून द्या." पुतणीच्या लग्नानंतर आमच्या घरी तेच झाले. फोटो दोन हजारांच्या वर, निवडणारे पाच जण, आणि प्रत्येकाने आपापल्या कागदावर उतरवून घेतलेले फाइलींचे चार आकडी नंबर. त्या कागदांचा मेळ काही केल्या लागेना, तेव्हा मी एक लहानसा प्रोग्राम लिहायला घेतला. खिडकीत एकेक फोटो दिसावा, बाणाच्या कळीने पुढचा किंवा मागचा यावा आणि स्पेसबार दाबला की तो निवडीत जमा व्हावा, एवढीच अपेक्षा होती. एका संध्याकाळचे वाटलेले ते काम चार संध्याकाळी पुरले आणि त्यांतल्या तीन केवळ फोटो खिडकीत नीट दिसावा यासाठी खर्ची पडल्या. ज्यांना पायथॉनची तोंडओळख आहे, पण खिडक्या, बटणे आणि चित्रे यांच्या वाटेला जे अजून गेलेले नाहीत, त्यांच्यासाठी त्या तीन संध्याकाळींत हाती लागलेले येथे मांडतो आहे.

आज्ञांची नावे पुढे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत; प्रत्यक्ष कोडमध्ये ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत लिहावी लागतात. व्हेरिएबलची नावे मात्र पायथॉन ३ मध्ये थेट देवनागरीत ठेवता येतात, आणि मी ती तशीच ठेवली होती. 'खिडकी', 'फलक', 'मूळ' आणि 'ठसा' ही चार नावे पुढे वारंवार येतील.

साधने

पायथॉन ३, त्याच्यासोबत येणारी, खिडक्या काढणारी टीकेइंटर ही लायब्ररी आणि वेगळी बसवावी लागणारी, चित्रे हाताळणारी पिलो, एवढ्यावर काम भागते. दिसायला अधिक देखण्या लायब्ऱ्या आहेत, पण घरच्या घरी वापरायच्या प्रोग्रामाला टीकेइंटर पुरेशी आहे आणि विंडोजवर पायथॉन बसवताना ती आपोआप बसते. उबुंटूवर मात्र टीकेइंटरचे पॅकेज वेगळे मागवावे लागते. तेथे पिलोही पॅकेज म्हणूनच घेतली असेल, तर तिचा टीकेइंटरशी जोडणारा भागसुद्धा स्वतंत्र पॅकेजमध्ये असतो, हे विसरू नये.

पिलोचे नाव पहिल्यांदा सगळ्यांनाच गोंधळात टाकते. फ्रेड्रिक लुंड यांनी १९९५ साली सुरू केलेल्या पायथॉन इमेजिंग लायब्ररीचे, म्हणजे पीआयएलचे, काम २००९ नंतर थांबले आणि २०१० मध्ये तिच्यातून पिलो ही शाखा निघाली. जुने कोड मोडू नये म्हणून आतले नाव बदलले नाही. त्यामुळे पिप या आज्ञेने बसवायची ती पिलो, पण कोडच्या पहिल्या ओळीत आयात करायची ती पीआयएल. पीआयएल याच नावाने बसवायला गेल्यास काहीही बसत नाही आणि अर्धा तास जातो.

टीके ही मुळात पायथॉनची नाही, ही गोष्ट केवळ इतिहास म्हणून सांगत नाही, कारण पुढच्या सर्वांत मोठ्या अडचणीचे मूळ तिच्यातच आहे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात असताना जॉन आउस्टरहाउट यांनी टीसीएल ही भाषा लिहिली आणि तिच्यासाठी खिडक्या काढणारी टीके तयार केली. टीकेइंटर हा पायथॉनमधून त्या टीकेपर्यंत जाणारा पूल आहे. म्हणजे आपला प्रोग्राम चालू असतो तेव्हा पायथॉन आणि टीसीएल अशी दोन बिऱ्हाडे एकाच घरात नांदत असतात, आणि चित्र राहते ते टीसीएलच्या बिऱ्हाडात. पायथॉनकडे त्याचे केवळ नाव असते.

म्हणूनच एका फोटोची तीन रूपे मनात वेगळी ठेवावीत. पहिले रूप म्हणजे डिस्कवरची आक्रसलेली जेपेग फाइल. दुसरे म्हणजे पिलोने उलगडलेले पिक्सेल. याला मी 'मूळ' म्हणतो. तिसरे म्हणजे त्या पिक्सेलवरून टीकेसाठी तयार केलेली प्रत, जिला मी 'ठसा' हे नाव दिले आहे. खिडकीत दिसतो तो ठसा. लहान-मोठे करणे, फिरवणे हे सगळे मूळवर करायचे आणि झाल्यावर नवा ठसा उमटवायचा.

पहिले चित्र

पिलोला हात लावण्याआधी एक पीएनजी चित्र दाखवून पाहावे. टीकेइंटर आयात करावी, टीके या क्लासपासून खिडकी तयार करावी, फोटोइमेज या क्लासला फाइलचा पत्ता देऊन ठसा तयार करावा, लेबल, म्हणजे मजकूर किंवा चित्र दाखवणारी चौकट, तयार करताना त्याच्या इमेज या पर्यायात तो ठसा द्यावा, पॅक म्हणून लेबल खिडकीत बसवावे आणि शेवटी खिडकी जागती ठेवणारा मेनलूप सुरू करावा. पाच-सहा ओळींत चित्र दिसते. क्रम मात्र हाच हवा. खिडकी तयार होण्याआधी फोटोइमेज मागितली तर 'चित्र तयार करण्याची वेळ अजून झालेली नाही' अशा अर्थाचा एरर येतो, आणि तो योग्यच आहे, कारण तोवर टीसीएलचे बिऱ्हाड मांडलेलेच नसते.

याच जातीचा दुसरा एरर 'पायइमेज१ अस्तित्वात नाही' असा असतो. दुसरी खिडकी उघडण्यासाठी कोणी टीके हा क्लास पुन्हा एकदा वापरतो तेव्हा टीसीएलचे दुसरे, पूर्णपणे स्वतंत्र बिऱ्हाड तयार होते, आणि पहिल्यात ठेवलेले चित्र दुसऱ्याला ठाऊक नसते. एका प्रोग्रामात टीके एकदाच वापरावे. बाकीच्या सर्व खिडक्या टॉपलेव्हल या क्लासने उघडाव्यात.

फोटोइमेजला पीएनजी वाचता येते ते टीके ८.६ पासून, म्हणजे २०१२ पासून. त्याआधी जीआयएफ आणि पीपीएमसारख्या मोजक्या प्रकारांवर भागवावे लागे. जेपेग ती स्वतःहून आजही वाचत नाही. लग्नाचे सगळे फोटो जेपेगमध्ये असल्यामुळे पिलो अपरिहार्य ठरते. पिलोमधून इमेज आणि इमेजटीके हे दोन भाग आयात करावेत, इमेज-ओपनने फाइल उघडून मूळ मिळवावे, आणि मूळ इमेजटीकेच्या फोटोइमेजला देऊन ठसा घ्यावा. पुढचे लेबलाचे काम आधीसारखेच.

येथे एक खड्डा आहे. टीकेइंटरमधले सगळे एकदम आयात करण्यासाठी तारांकन वापरायची सवय अनेक शिकवण्या लावतात. टीकेइंटरमध्येही इमेज नावाचा एक क्लास आहे. तारांकनाची ओळ पिलोच्या ओळीनंतर आली तर पिलोची इमेज पुसली जाते आणि 'इमेजमध्ये ओपन नाही' असा चमत्कारिक एरर समोर येतो. ओळींचा क्रम बदलून तो जातोही, पण तारांकन सोडून टीकेइंटरला टीके असे छोटे नाव द्यावे आणि त्या नावानेच तिच्यातल्या वस्तू मागाव्यात, हे बरे.

चित्र दिसत नाही, पण एररही नाही

ही अडचण टीकेइंटर शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला येते. पाच-सहा ओळींचा प्रोग्राम उत्तम चालतो. मग आपण शहाणपणाने त्या ओळी 'दाखवा' नावाच्या फंक्शनमध्ये हलवतो, बटणाला ते फंक्शन जोडतो, बटण दाबतो, आणि खिडकी कोरी राहते. एरर येत नाही. पत्ता बरोबर असतो. फाइलही शाबूत असते.

त्या वेळी खिडकीकडे नीट पाहिले तर एक खूण दिसते: खिडकी फोटोएवढी मोठी झालेली असते. आठशे बाय सहाशेचा फोटो असेल तर आठशे बाय सहाशेचीच करडी जागा दिसते. म्हणजे चित्र तेथपर्यंत पोहोचले होते आणि नंतर गेले.

घडते ते असे. ठसा हे फंक्शनच्या आतले व्हेरिएबल होते. फंक्शन संपताच त्याला धरून ठेवणारे कोणी उरले नाही, म्हणून पायथॉनने आपल्या नेहमीच्या साफसफाईत ते काढून टाकले. आणि फोटोइमेज काढून टाकली जाताना जाता जाता टीसीएललाही सांगते की हे चित्र आता पुसून टाक. लेबल ते चित्र वापरत आहे हे पायथॉनला कळायला मार्ग नाही, कारण लेबलाकडे चित्राचे फक्त नाव आहे. टीके मग चित्रातला मजकूर काढून घेते, पण त्याने व्यापलेली जागा तशीच ठेवते. करडा आयत तो हाच.

उपाय एका ओळीचा आहे: ठसा कोणीतरी धरून ठेवला पाहिजे. लेबलालाच एक नवा गुणधर्म जोडून त्यात ठसा ठेवता येतो. अनेक ठिकाणी हीच ओळ सुचवलेली दिसते आणि ती चालते. प्रोग्राम क्लासमध्ये लिहिलेला असेल तर सेल्फच्या गुणधर्मात ठेवावा. एकाच वेळी अनेक चित्रे असतील तर यादी किंवा डिक्शनरी करावी. ग्लोबल व्हेरिएबलने भागते, पण दोन फोटो शेजारी शेजारी दाखवायची वेळ आली की दुसरा ठसा पहिल्याला हुसकावतो आणि तोच करडा आयत पुन्हा उगवतो. मी त्यावर एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

फाइलचा पत्ता

प्रोग्रामाच्या शेजारी ठेवलेली फाइल नुसत्या नावाने उघडली तर ती कधी सापडते, कधी सापडत नाही, असा अनुभव येतो. नुसते नाव दिले की पायथॉन ते चालू फोल्डरमध्ये शोधतो, आणि चालू फोल्डर म्हणजे प्रोग्रामाचे फोल्डर नव्हे, तर जेथून प्रोग्राम सुरू केला ते. म्हणून बटणांची चित्रे, लोगो अशा प्रोग्रामाच्या स्वतःच्या फाइलींचा पत्ता पाथलिब लायब्ररी आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असलेले फाइल हे व्हेरिएबल यांच्या मदतीने प्रोग्रामाच्या जागेपासून काढावा. वापरकर्त्याचे फोटो कोठे आहेत हे मात्र त्यालाच विचारावे. त्यासाठी टीकेइंटरच्या फाइलडायलॉग या भागात फोल्डर निवडायची तयार खिडकी आहे.

विंडोजवर पत्ता हाताने लिहिताना उलट्या तिरक्या रेघेपुढे इंग्रजी एन किंवा टी आले तर पायथॉन त्यांचा अर्थ नवी ओळ किंवा टॅब असा घेतो. अवतरणचिन्हापूर्वी आर हे अक्षर लावावे किंवा सरळ तिरकी रेघ वापरावी. विंडोजला ती चालते. फोल्डरांची नावे 'हळद', 'सीमांतपूजन', 'पाठवणी' अशी देवनागरीत असली तरी पायथॉन ३ ला त्याने काहीही फरक पडत नाही.

फोटो केवढा उलगडावा

आता दुसऱ्या संध्याकाळकडे वळतो. आजकालच्या कॅमेऱ्यांत ६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो सर्रास असतो. म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल. फाइल आक्रसलेली असल्यामुळे डिस्कवर ती लहान दिसते, पण उलगडल्यावर पिलो एका पिक्सेलला चार बाइट लावते, म्हणजे मूळ ९ कोटी ६० लाख बाइटचे होते. त्याच आकाराचा ठसा काढला तर टीकेकडे तेवढेच आणखी. एक फोटो दाखवायला अशा रीतीने जवळपास २० कोटी बाइट लागतात, आणि दिसतो काय, तर वधूच्या मुंडावळ्यांचा वरचा डावा कोपरा, कारण बाकीचा फोटो पडद्याबाहेर गेलेला असतो.

लहान करण्यासाठी पिलोत थंबनेल आणि रिसाइझ या दोन पद्धती आहेत. रिसाइझ आपण दिलेल्या रुंदी-उंचीत फोटो कोंबते. प्रमाण आपण सांभाळले नाही तर माणसे आडवी पसरतात. थंबनेल प्रमाण राखून दिलेल्या चौकटीत बसेल एवढा फोटो लहान करते आणि कधीही मोठा करत नाही. मात्र ती मूळमध्येच बदल करते आणि परत काहीच देत नाही. तिचे उत्तर नव्या व्हेरिएबलमध्ये साठवायला गेल्यास त्यात नन येतो आणि पुढच्या ओळीत प्रोग्राम कोसळतो. जुन्या उदाहरणांत रिसाइझला अँटिएलियस हा पर्याय दिलेला आढळेल. पिलोच्या १० व्या आवृत्तीत ते नाव काढून टाकले आहे, त्याऐवजी लँक्झोस लिहावे. गाळणी तीच आहे, नाव तेवढे बदलले.

यानंतर उभ्या फोटोंचा प्रश्न येतो. कॅमेरा किंवा फोन उभा धरून काढलेला फोटो पुष्कळदा आडवाच साठवला जातो आणि 'दाखवताना फिरवून दाखवा' अशी खूण फाइलीतल्या एक्झिफ माहितीत लिहिली जाते. फोनवरचे फोटो ॲप ती खूण पाळते. पिलो आपणहून पाळत नाही. त्यामुळे अंतरपाट धरलेले भटजी आमच्या खिडकीत कुशीवर झोपलेले दिसत होते. पिलोच्या इमेजऑप्स या भागातील एक्झिफ-ट्रान्सपोज हे फंक्शन खूण वाचून फोटो सरळ करून देते.

पण ते केव्हा बोलवावे, यात गोम आहे. समजा खिडकी १२८० बाय ७२० आहे. आडवा साठवलेला ६००० बाय ४००० चा फोटो आधी थंबनेलने त्या चौकटीत बसवला, तर तो १०८० बाय ७२० होतो. मग तो फिरवला की ७२० बाय १०८० होतो, आणि वर-खाली मिळून ३६० पिक्सेल खिडकीबाहेर जातात. डोकी नाही तर पाय कापले जातात. म्हणजे आधी फिरवावे, मग लहान करावे. पण आधी फिरवायचे म्हणजे पूर्ण २ कोटी ४० लाख पिक्सेल उलगडून फिरवायचे, आणि बाण दाबत भराभर पुढे जाताना तो वेळ जाणवतो.

यातून वाट काढणारी पद्धत फारशी कोणी वापरताना दिसत नाही, म्हणून ती मुद्दाम सांगतो. जेपेगची घडणच अशी आहे की ते उलगडतानाच अर्ध्या, पाव किंवा अष्टमांश मापात उलगडता येते. इमेज-ओपन सुरुवातीला फक्त फाइलचा मथळा वाचते. पिक्सेल गरज पडेपर्यंत उलगडत नाही. त्या दरम्यान मूळच्या ड्राफ्ट या पद्धतीला आरजीबी हा प्रकार आणि हवे असलेले किमान माप सांगून ठेवावे. माप म्हणून खिडकीच्या मोठ्या बाजूचा चौरस द्यावा, म्हणजे फोटो उभा असो वा आडवा, कमी पडत नाही. १२८० चा चौरस दिला तर वरचा फोटो ३००० बाय २००० मध्ये उलगडतो. पिक्सेल एकदम चतुर्थांश होतात. मग एक्झिफ-ट्रान्सपोज, मग थंबनेल, आणि सरतेशेवटी ठसा. पीएनजीसारख्या इतर प्रकारांवर ड्राफ्टचा परिणाम होत नाही, पण तिने बिघडतही काही नाही.

फाइल उघडणे ते सरळ करणे हा सगळा भाग विथच्या गटात ठेवावा, म्हणजे गट संपताच फाइल बंद होते. तसे केले नाही आणि नंतर प्रोग्रामातूनच एखादा अंधूक फोटो 'रद्द' या फोल्डरमध्ये हलवायला गेलो, तर विंडोज फाइल उघडी असल्याचे सांगून अडून बसू शकते.

लेबल की कॅनव्हास

लोगो, बटणावरचे चिन्ह, ओळखपत्रावरचा फोटो अशा ठरलेल्या मापाच्या चित्रांना लेबल उत्तम. चित्राबरोबर मजकूरही हवा असेल तर लेबलाच्या कंपाउंड या पर्यायाने मजकूर वर, खाली किंवा बाजूला ठेवता येतो. लक्षात ठेवण्याची एकच गोष्ट: लेबलात नुसता मजकूर असताना त्याची रुंदी अक्षरांत मोजली जाते आणि चित्र आले की पिक्सेलमध्ये. वीस रुंदीचे लेबल चित्र घातल्यावर एकाएकी चिंचोळे का झाले, याचे कारण हेच.

खिडकीबरोबर लहान-मोठा होणारा फोटो लेबलात ठेवू नये. मी ठेवला होता. खिडकीचे माप बदलले की कॉन्फिगर ही घटना घडते. तिच्यावर फंक्शन बांधून मी लेबलाच्या मापाचा नवा ठसा बसवत होतो. पण लेबलाला स्वतःची एक-दोन पिक्सेलची कड असते. ठसा लेबलाएवढा झाला की कडेसकट लेबल त्याहून मोठे होते, त्यामुळे पुन्हा कॉन्फिगर घडते, पुन्हा थोडा मोठा ठसा बसतो, आणि कोणी हात न लावता खिडकी दुधासारखी उतू जाऊ लागते.

कॅनव्हास, म्हणजे चित्रे ठेवायची मोकळी जागा, आतल्या चित्राप्रमाणे आपले माप बदलत नाही, म्हणून फोटोसाठी फलक म्हणून तोच घ्यावा. क्रिएट-इमेज या पद्धतीने चित्र ठेवताना दिलेला बिंदू हा चित्राचा मध्य समजला जातो. शून्य-शून्य हा बिंदू दिला तर खिडकीच्या कोपऱ्यात चित्राचा खालचा उजवा चतकोर तेवढा दिसतो. आपल्याला फोटो मधोमधच हवा असल्यामुळे फलकाच्या रुंदीचा आणि उंचीचा निम्मा आकडा द्यावा. हे आकडे विनफो-विड्थ आणि विनफो-हाइट यांनी मिळतात, पण खिडकी प्रत्यक्ष पडद्यावर येईपर्यंत दोघेही १ असे उत्तर देतात. पहिला फोटो म्हणूनच पहिल्या कॉन्फिगर घटनेनंतर दाखवावा.

खिडकीची कड ओढत असताना कॉन्फिगर सेकंदाला कितीतरी वेळा घडते. प्रत्येक वेळी नवा ठसा काढला तर खिडकी अडखळते. आफ्टर या पद्धतीने काम दीडशे मिलिसेकंदांनंतरसाठी नोंदवावे आणि तेवढ्यात पुन्हा घटना घडली तर आफ्टर-कॅन्सलने जुनी नोंद रद्द करून नवी करावी. कड सोडल्यावर एकदाच काम होते. प्रत्येक नवा ठसा मूळवरूनच काढावा. थंबनेल मूळलाच लहान करून टाकत असल्यामुळे ती मूळच्या प्रतीवर चालवावी, नाहीतर खिडकी एकदा लहान करून पुन्हा मोठी केली की फोटो कायमचा धुरकट होतो. इमेजऑप्समधील कंटेन हे फंक्शन प्रत काढूनच काम करते, पण ते लहान फोटो ताणून मोठाही करते. आजीच्या लग्नाचा स्कॅन केलेला जुना फोटो त्याने फुगवला, तेव्हा मी पुन्हा थंबनेलकडे वळलो.

पुढचा फोटो

उजव्या आणि डाव्या बाणाच्या घटना खिडकीवर बाइंड करून क्रमांक एकाने वाढवावा किंवा कमी करावा, आणि फलकावर आधीच असलेल्या चित्राला आयटम-कॉन्फिगने नवा ठसा द्यावा. दर वेळी क्रिएट-इमेज केले तर जुनी चित्रे नव्याखाली साचत राहतात.

तरीही प्रत्येक बाणाला थोडा थांबा जाणवत असेल, तर आपण एक फोटो पाहत असतानाच पुढचा उलगडून ठेवावा. हे काम वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे प्रोग्रामातच समांतर चालणाऱ्या दुसऱ्या धाग्यावर द्यावे, पण त्या थ्रेडने पिलोपुरतेच राहावे. टीकेची कोणतीही वस्तू, ठसासुद्धा, मुख्य थ्रेडमध्येच तयार करावी. उलगडलेले मूळ रांगेत ठेवावे आणि मुख्य थ्रेडने आफ्टरच्या मदतीने दर पन्नास मिलिसेकंदांनी रांगेत डोकावावे. रांगेत फोटोबरोबर त्याचा क्रमांकही ठेवणे आवश्यक आहे. आमच्याकडे धाकट्याने बाण दाबून धरला, की मागे राहिलेल्या थ्रेडकडून सातवा फोटो यायचा तेव्हा खिडकी बाराव्यावर पोहोचलेली असायची, आणि पडद्यावर हळद तर खाली नाव सप्तपदीचे असा प्रकार व्हायचा. आलेला क्रमांक चालू क्रमांकाशी जुळला तरच दाखवावा. मागचे दोन, चालू आणि पुढचे दोन अशी पाच मुळे हाताशी ठेवली तरी १२८० बाय ७२० च्या मापात प्रत्येकी ३७ लाख बाइटच लागतात.

सगळे फोटो लहान चौकटींत एकदम मांडायचे असतील तर हिशेब बदलतो. १६० बाय १२० चा एक ठसा ७६,८०० बाइटचा. दोन हजार ठसे म्हणजे १५ कोटी बाइटच्या वर. एका पानावर शंभरच दाखवावेत. ती बटणे लूपमध्ये तयार करताना लॅम्डाला क्रमांक हा डिफॉल्ट मूल्य म्हणून द्यावा, नाहीतर कोणत्याही चौकटीवर क्लिक केले तरी शेवटचाच फोटो उघडतो.

दुसऱ्यांच्या संगणकावर

माझ्या संगणकावर स्वच्छ दिसणारी खिडकी भावाच्या लॅपटॉपवर धूसर दिसू लागली. विंडोजमध्ये पडद्याचे माप १२५ किंवा १५० टक्के ठेवलेले असते तेव्हा आपल्याला हे माप कळते असे न सांगणाऱ्या प्रोग्रामाची खिडकी विंडोज स्वतः ताणून मोठी करते. त्यावर सीटाइप्स लायब्ररीतून विंडोजच्या शकोअर या लायब्ररीतील सेट-प्रोसेस-डीपीआय-अवेअरनेस या फंक्शनला १ हे मूल्य द्यावे, तेही खिडकी तयार होण्याआधी, आणि विंडोज असेल तरच.

पाहुण्यांनी आयफोनवरून पाठवलेल्या एचईआयसी फाइली पिलो मुळात उघडत नाही. पिलो-हेइफ ही जोड बसवून तिची नोंद करावी लागते. अल्बमची पाने छापखान्याकडून सीएमवायके रंगांत आली तर ती कन्व्हर्टने आरजीबीत आणावीत, मात्र शालूचा रंग छापून कसा येईल याचा अंदाज त्यावरून बांधू नये.

ज्यांच्याकडे पायथॉन नाही त्यांच्यासाठी पायइन्स्टॉलरने एकच चालती फाइल करता येते. बटणांची चित्रे तिच्यात आपोआप जात नाहीत. ॲड-डेटा या पर्यायाने ती नावानिशी सांगावी लागतात. एका फाइलीचा असा प्रोग्राम सुरू होताना स्वतःला एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडतो, आणि प्रोग्रामाच्या जागेपासून काढलेला पत्ता त्या फोल्डरचा निघतो. चित्रे वाचायला तो अगदी बरोबर आहे. मी मात्र निवडलेल्या फोटोंची यादीही त्याच पत्त्यावर लिहीत होतो, आणि प्रोग्राम बंद होताच ते फोल्डर पुसले जाते. वहिनींनी एक अख्खी दुपार बसून ऐंशी फोटो निवडले, संध्याकाळी खिडकी पुन्हा उघडली आणि मला फोन केला, "भाऊजी, माझे फोटो गेले कुठे?" त्या दिवसापासून यादी फोटोंच्याच फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फाइलीत, एका ओळीवर एक नाव अशी, प्रत्येक स्पेसबारनंतर लगेच लिहिली जाते.